आधी हब फिरवा, मग पाना उचला

जुनी मारुती जिप्सी दारात उभी राहिली की पहिल्या महिन्यात दोन गोष्टी हमखास होतात. नातेवाईक एकेक चक्कर मारून जातात, आणि पुढच्या चाकातून कसला तरी आवाज यायला लागतो. नातेवाइकांचा उत्साह महिन्याभरात ओसरतो. आवाजाचा ओसरत नाही.

माझ्या गाडीला चाळीसच्या पुढे ‘घूंऽऽ’ असा आवाज यायचा. इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या गल्लीत ज्यानं ज्यानं तो ऐकला, त्यानं एकच निदान केलं: बेअरिंग गेलं. मी छोटी ग्वालटोलीत जाऊन दोन्ही बाजूंची बेअरिंगं आणि सीलं घेऊन आलो, अख्खा रविवार हात काळे केले आणि संध्याकाळी गाडी बाहेर काढली. घूंऽऽ. तोच सूर, तीच पट्टी. शेवटी एका म्हाताऱ्या उस्तादानं टायरवरून नुसता तळहात फिरवला आणि म्हणाला, “भिया, बेअरिंग तो बढ़िया थी. ये टायर गा रहा है.”

सामान घेण्याआधी ऐकायचं कसं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझा रविवार वाचला असता. तुमचा वाचावा म्हणून हे लिहितोय.

गाडी कोणती, ते आधी बघा

जिप्सी १९८५ साली ९७० सीसी इंजिन घेऊन आली आणि १९९६ साली तिला १.३ लिटरचं इंजिन मिळालं. पण पुढचा सांगाडा तोच राहिला: दोन चाकांना जोडणारा अखंड अॅक्सल, खाली कमानी (पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा), आणि चाकाच्या मधोमध हातानं फिरवायचे हब, म्हणजे चाक अॅक्सलच्या शाफ्टला जोडायच्या-सोडवायच्या तबकड्या. महिंद्राच्या जुन्या जीपही याच घरातल्या. बोलेरो फोर-बाय-फोर किंवा २०१० साली आलेली थार सीआरडीई यांचं पुढचं प्रत्येक चाक मात्र स्वतंत्र वरखाली होतं. तिथे कमानीऐवजी टॉर्शन बार (पीळ खाणारी दांडी), किंगपिनऐवजी (चाक ज्या खिळीवर वळतं ती) बॉल जॉइंट आणि रबरी बूट घातलेले सीव्ही जॉइंट असतात. पुढचं बहुतेक सगळं जिप्सी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

सगळ्यात आधी चाकाचे नट

हसू नका. पंक्चरच्या दुकानातून निघालेली गाडी दहा-पंधरा किलोमीटरवर ‘टक् टक्’ करायला लागली, तर शंभरातल्या किती वेळा नट ढिले असतात हे मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. गाडी बाजूला घेतो आणि पाना लावतो. ढिल्या नटाचा आवाज हळू वेगात जास्त स्पष्ट येतो आणि वळताना बदलतो. नट बराच काळ ढिले राहिले असतील तर रिमची भोकं लांबट होतात. मग नुसतं आवळून भागत नाही, रिम बदलावी लागते. नट समोरासमोरच्या जोड्यांत, चांदणी काढल्यासारखे आवळायचे, गोल गोल नाही.

याच वेळी खाली वाकून रिमच्या आतली बाजू बघा. पावसाळ्यात शेतात जाऊन आलात तर माळव्याची काळी माती तिथे थापली जाते आणि वाळली की दगड होते. चाकाचा तोल जातो, पन्नास-साठला स्टीअरिंग थरथरायला लागतं आणि माणूस थेट टायरॉडवर (चाकं वळवणाऱ्या दांड्यावर) संशय घेतो. पाण्याचा जोरदार पाइप मारा, अर्ध्या तक्रारी तिथेच वाहून जातील.

आवाजाला नाव द्या

मेकॅनिककडे जाऊन “आवाज येतोय” एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरला “दुखतंय” सांगण्यासारखं आहे. आपल्या भाषेत आवाजांना नावांची कमी नाही, ती वापरा. घूंऽऽ किंवा घरघर असेल आणि वेगाबरोबर चढत असेल, तर टायर किंवा बेअरिंग. कुईंकुईं, पाखरासारखं, ठेक्यात, असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (अॅक्सलकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्याचा) कोरडा पडलेला क्रॉस, म्हणजे सांधा, किंवा ब्रेक पॅड. खर्रर्र, पत्रा घासल्यासारखं, असेल तर डिस्क आणि तिच्यामागचा धूळपत्रा यांच्यात अडकलेला खडा. कटकटकट फक्त पूर्ण वळणावर येत असेल तर अॅक्सलच्या टोकाचा जॉइंट. आणि गाडी सुटताना किंवा खड्ड्यात एकदाच ‘खट्ट’ होत असेल, तर कुठेतरी ढिलाई: कमानीचे बुश, शॅकल, यू-बोल्ट, नाहीतर किंगपिन.

हे पक्के निकाल नव्हेत, नुसते संशयित. आता त्यांना एकेक करून सोडायचं.

एक मोजमाप फार उपयोगी पडतं. जिप्सीच्या चाकाचा घेर ढोबळमानानं दोन मीटर. वीसच्या वेगानं गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला अडीच-पावणेतीन फेरे घेतं. वीसच्या वेगात ‘टक्… टक्… टक्’ असा बोटांवर मोजता येणारा आवाज आला, तर तो चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूचा: टायरमध्ये घुसलेला खिळा, वाकडी डिस्क, ढिला नट. प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगानं फिरतो. तिथला आवाज त्याच वेगात मोजता येत नाही, सलग टरटर ऐकू येते. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून डॅशबोर्डवर ठेवला तर घरी शांतपणे मोजता येतं.

रस्त्यावरची परीक्षा

रविवारी सकाळी सहा-साडेसहाला सुपर कॉरिडॉर गाठा. रस्ता रुंद, सपाट आणि तेव्हा बऱ्यापैकी मोकळा असतो. पोहे-जिलेबी परतताना. शेजारी कुणाला तरी बसवा, कारण चालवणाऱ्याचा कान उजव्या खिडकीकडे असतो आणि डावीकडचा आवाज त्याला हमखास फसवतो. एखाद्या भिंतीच्या कडेनं काचा खाली करून हळू गेलात तर आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि बाजू नेमकी कळते.

वेग पन्नासवर नेऊन क्लच दाबा आणि गाडी तशीच घरंगळू द्या. आवाज तसाच राहिला तर इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही. (हे सपाट रस्त्यावरच. भेरूघाट उतरताना असले प्रयोग नकोत.) मग घरंगळतानाच ब्रेकवर हलकासा पाय ठेवा. आवाज बदलला किंवा थांबला तर पॅड, त्यांच्या क्लिपा आणि कॅलिपर आधी तपासा. खड्याची खर्रर्र असेल तर गाडी थोडी मागे घेतली की खडा बरेचदा आपोआप पडतो. नाही पडला तर धूळपत्रा बोटानं डिस्कपासून जरासा दूर ओढा.

आता रस्ता मोकळा असल्याची खात्री करून चाळीसच्या वेगात गाडी सावकाश डावीकडे-उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. डावीकडे झुलताना घरघर वाढली आणि उजवीकडे झुलताना कमी झाली, तर उजव्या बेअरिंगवर संशय घ्या. टायरच्या आवाजाला या झुलण्याचं फारसं सोयरसुतक नसतं. तो बदलतो रस्त्याबरोबर: डांबरावर एक, काँक्रीटवर दुसरा. माझ्या बाबतीत हीच खूण होती आणि मी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर गाणारा सापडला. खात्रीसाठी पुढचे टायर मागे टाका. आवाजही मागे गेला तर विषय संपला.

हबची युक्ती

साध्या मोटारीला जे नशिबात नाही ते आपल्या गाडीला आहे. पुढच्या अॅक्सलचा अर्धा भाग आपण हातानं बंद-चालू करू शकतो. निदानासाठी याहून चांगलं हत्यार मी पाहिलेलं नाही, आणि ते फुकट आहे. बोलेरो, थार वगैरेंपैकी ज्यांना हातानं फिरवायचे हब नाहीत त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं.

पहिली फेरी: दोन्ही हब फ्री, गिअरशेजारचा छोटा दांडा टू-एच वर, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना. या अवस्थेत पुढची चाकं नुसती बेअरिंगवर फिरतात. आतले अॅक्सल शाफ्ट, डिफरन्शिअल (दोन चाकांच्या फेऱ्यांतला फरक जिरवणारे गिअर), पुढचा प्रोपेलर शाफ्ट, सगळं झोपलेलं असतं. आवाज आला, तर टायर, बेअरिंग, ब्रेक, नट किंवा खुद्द हब, एवढेच आरोपी उरतात.

दुसरी फेरी: दोन्ही हब लॉक, दांडा तरीही टू-एच वरच. आता चाकं आतला सगळा पसारा फिरवतात, पण इंजिनाचा जोर त्यावर नसतो. पहिल्या फेरीत नसलेला आवाज इथे आला, तर शाफ्टच्या टोकाचा जॉइंट, डिफरन्शिअल किंवा पुढच्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. अशी गाडी चालवल्यानं नुकसान काही नाही, पेट्रोल जरा जास्त लागतं. उलट महिन्यातून एकदा काही किलोमीटर हब लॉक करून जावंच, म्हणजे आतलं तेल हलतं आणि सीलं कोरडी पडत नाहीत.

तिसरी फेरी: हब लॉक, दांडा फोर-एच वर, आणि गाडी कच्च्या रस्त्यावर. चोरलच्या बाजूला अशा वाटा मिळतात. आता जोर पुढेही जातो. आवाज फक्त इथे, तोही वळताना कटकट असा आला, तर अॅक्सलच्या टोकाचा बर्फिल्ड जॉइंट झिजलाय. सरळ जाताना अॅक्सिलरेटर दाबला की शिट्टीसारखा सूर आणि सोडला की वेगळा सूर, असं असेल तर डिफरन्शिअल.

इथे नवखे लोक एका गोष्टीला घाबरतात. फोर-एच टाकून डांबरावर गाडी पूर्ण वळवली की ती अडखळते, टायर घासतात, खालून कुणीतरी खेचल्यासारखं वाटतं. हा बिघाड नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठं वर्तुळ काढतात आणि या गाड्यांत पुढचा आणि मागचा अॅक्सल यांच्यात तो फरक जिरवायला डिफरन्शिअल नसतं. मातीत टायर घसरून हिशेब जुळवून घेतात, कोरड्या डांबरावर घसरता येत नाही म्हणून सगळा ताण गिअरांवर येतो. दांडा अडकून बसला तर गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, सुटतो. पण कोरड्या डांबरावर फोर-एच वापरूच नका.

हबची दुसरी खोडी म्हणजे अर्धवट फिरलेली तबकडी. खूण ना फ्रीवर ना लॉकवर, मध्येच. आतले दाते एकमेकांवर उड्या मारतात आणि सायकलच्या फ्रीव्हीलसारखी कर्रर्र कटकट येते. घाईत एका बाजूचा हब लॉक आणि दुसऱ्याचा फ्री राहिला, तर फोर-एच टाकूनही पुढची चाकं ओढणार नाहीत. सगळी ताकद फ्री बाजूचा शाफ्ट रिकामा फिरवण्यात जाते. चिखलात उभं राहून “फोर-बाय-फोर गेलं” म्हणण्याआधी खाली उतरून दोन्ही तबकड्या बघा. मी न बघता म्हणालोय, साक्षीदारांसमोर.

चाक उचलून

आता कुठे जॅक. गाडी सपाट, टणक जागेवर. पहिला गिअर टाका, छोटा दांडा टू-एच वर, हब फ्री. मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे. जिप्सीचा आणि बऱ्याच जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या गिअरबॉक्सच्या) मागे शाफ्टवर असतो, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. अॅक्सलखाली घोडी लावल्याशिवाय नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. यात माझं दुसरं मत नाही.

चाक हातानं फिरवा आणि दुसरा हात कमानीवर ठेवा. चांगलं बेअरिंग कमानीला काही कळू देत नाही. खराब असेल तर बारीक खरखर बोटांना जाणवते, कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी आधी. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चाकामागच्या नकलवर (चाक धरणाऱ्या, त्याच्याबरोबर वळणाऱ्या भागावर) आणि मूठ कानाशी धरली तर तोच स्टेथोस्कोप होतो. डिस्क जरा घासतेच, ती सळसळ ओळखायला शिका. दुसऱ्या बाजूचं चाकही उचलून तुलना करा.

मग चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या बाराला आणि सहाला, धरून हलवा. खुळखुळलं तर शेजाऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर चाक नकलशी घट्ट जखडलं जातं. आता खुळखुळ गेली तर दोष व्हील बेअरिंगचा. तरीही राहिली तर किंगपिनचा, आणि स्वतंत्र चाकांच्या गाडीत बॉल जॉइंटचा. या दोन मिनिटांच्या परीक्षेनं जितकं सामान वाचतं तितकं दुसऱ्या कशानं वाचत नाही. कमानीच्या गाड्यांना खड्डा लागला की पन्नास-साठला पुढची दोन्ही चाकं फडफडायला लागतात, स्टीअरिंग हातातून सुटेल असं होतं, त्यामागे बरेचदा हेच झिजलेले किंगपिन असतात. चाक तीनला आणि नऊला धरून हलवलं आणि तिथेच ढिलाई असेल, तर टायरॉड एंड बघा.

बेअरिंग ढिलं निघालं म्हणजे मेलंच असं नाही. खोलून पाहा. रोलर आणि वाटी (बेअरिंगची बाहेरची कडी) चकचकीत असतील तर नवं ग्रीस भरून आणि नट नीट बसवून तेच पुढे चालतं. खड्डे, निळसर डाग किंवा खवले दिसले तर बाद, आणि वाटीसकट बाद. ग्रीस दुधाळ चहाच्या रंगाचं झालं असेल तर आत पाणी गेलंय; नदी-नाल्यातून गाडी नेली असेल तर हे दिसतंच. नट किती आवळायचा याचा आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तो बघा. फार आवळलेलं बेअरिंग ढिल्यापेक्षा लवकर जळतं. जोडल्यावर दहा-पंधरा किलोमीटर जाऊन या आणि हबजवळ हाताची मागची बाजू जपून न्या. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर नट जास्त आवळलाय किंवा कॅलिपर अडकलाय.

बाकीचे संशयित

क्रॉसच्या कुईंकुईंवर ग्रीस गन हा पहिला उपाय. निपल पुसून घ्या आणि चारही टोप्यांतून ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. एकीतून आलंच नाही, किंवा गंजाची लाल पूड आली, तर क्रॉस बदला. शाफ्टच्या सरकत्या जोडालाही ग्रीस लागतं, गाडी सुटतानाची ‘खट्ट’ कधी कधी तेवढ्यानं जाते.

नकलच्या गोळ्यावर पातळ तेल ओघळलेलं दिसलं तर अॅक्सलचं आतलं सील गळतंय. ते तेल बर्फिल्डचं ग्रीस धुऊन नेतं, म्हणून आज आवाज नसला तरी उद्या येणार. बूटवाल्या गाड्यांत रिमच्या आत ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटलाय. लवकर सापडला तर फक्त बूट आणि ग्रीस, उशीर झाला तर अख्खा जॉइंट.

डिफरन्शिअलचं तेल तपासताना आधी वरचा, भरायचा बोल्ट खोला, मगच खालचा. वरचा गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून तेल आधीच सोडून दिलं असेल, तर गाडी तिथेच मुक्काम करते.

कमानीचं करकरणं कानाला त्रास देतं, गाडीला फारसा नाही. पण यू-बोल्ट ढिला किंवा पाटा तुटलेला असेल तर लगेच गॅरेज. तसंच खुळखुळणारं आणि घरघरणारं बेअरिंग, लांबट झालेली रिमची भोकं, हलणारा बॉल जॉइंट, फडफडणारं स्टीअरिंग: या गाड्या चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी उचलून न्या. मानपूरच्या घाटात चाक निसटलं तर ते तुमच्या आधी खाली पोचतं.

चाक खोलून बसवलं असेल तर पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळून घ्या.

माझे गाणारे टायर मी मागे टाकले. घूंऽऽ आता मागून येतं, आणि मागच्या बाकावर बसणाऱ्या मेव्हण्याचा सल्ला आहे की मागचं बेअरिंग गेलंय. पुढची उगाच काढलेली चांगली बेअरिंगं वाट्यांसकट ग्रीस लावून, कागदात गुंडाळून सीटखालच्या डब्यात ठेवली आहेत, लांबच्या प्रवासात सुटं सामान म्हणून.